वळण कोणाचं

लेप्पिवारा, ९ ऑक्टोबर १९८३

आऊलिसदादा,

तुझं कार्ड मिळालं. ‘लवकर बरे व्हा’ असं त्यावर छापलेलं आहे आणि खाली तुझी सही. छापील कार्डाचं हे बरं असतं, भावाला स्वतःच्या हाताने काही लिहावं लागत नाही.

माझ्या तेर्होला ओउलूच्या इस्पितळातून घरी आणलं. कमरेखाली काही उरलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, यापुढे फरक पडणार नाही. ते इतकं हळू म्हणाले की मला पुन्हा विचारावं लागलं, आणि पुन्हा ऐकावं लागलं. आता तो स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत असतो. भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. काळा पाव आणि सूप समोर ठेवते, तासाने तसंच उचलते. मी काही विचारलं तर ‘हं’ म्हणतो. तुला आठवत असेल, हा लहानपणी इतका बडबड करायचा की त्याचे बाबा त्याला गोठ्यात गाईंशी बोलायला पाठवायचे.

फक्त शनिवारी तो माणसात येतो, कारण शनिवारी पलीकडच्या घरचा इल्पो येतो. तोच इल्पो, ज्याच्या गाडीशी शर्यतीत टक्कर झाली. तेर्होला पाठंगुळी घेऊन तो सौनात, अंगणातल्या वाफेच्या न्हाणीत नेतो, तापलेल्या दगडांवर पाणी टाकतो, त्याचं अंग चोळतो. आतून दोघांचं हसणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. खरं सांगते, मला ते टोचतं. जो स्वतःच्या पायांनी घरी परत आला, त्याला हसायला काय जातं?

आता मुद्द्याचं. शर्यत-संघाच्या पत्रकात छापून आलं आहे: ‘तिसऱ्या वळणावरील टक्कर. दोष तेर्होचा. शेजारच्या गाडीस जागा सोडली नाही.’ खाली पंच म्हणून तुझं नाव. गावातल्या दुकानात मी पीठ घेत होते, तर दुकानदारीण मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, सख्ख्या मामालाही ज्याला वाचवता आलं नाही, त्याने केलं तरी काय असेल. कुंपणानेच शेत खाल्लं, दादा, दुसरं काय म्हणू?

तेर्हो बोलत नाही, पण त्याला काय खातंय ते मला कळतं. पाय दैवाने गेले तर माणूस सोसतो. तूच तुझे पाय घालवलेस असं छापून दिलं तर कसं सोसायचं? या हिवाळ्यात तो जगायचं सोडून देईल अशी मला भीती वाटते. नोव्हेंबरात संघाची बैठक आहे. पंचानेच लिहिलं की मला खात्री नाही, तर ते ‘दोष कोणाचाच नाही’ अशी नोंद करतात, हे मी विचारून घेतलं आहे. मी तुला खोटं बोल म्हणत नाही. फक्त खात्री नाही म्हण.

हिल्लेवी


होन्काकांगास, १८ ऑक्टोबर

हिल्लेवी,

कार्डाबद्दल म्हणतेस ते खरं आहे. लिहायला बसलो होतो. कागद फाडले आणि शेवटी कार्ड घेतलं.

दुकानदारणीला नियम माहीत नाही, तुलाही नसेल, म्हणून सांगतो. पुढची गाडी आपली वाट आपण निवडते. पण मागची गाडी आतल्या बाजूने येऊन तिचं पुढचं चाक पुढच्या गाडीच्या दाराशी पोचलं, आणि तेही वळण सुरू होण्याआधी, तर ते वळण दोघांचं होतं. मग पुढच्याने एका गाडीपुरती जागा सोडायची. नाही सोडली तर आम्ही म्हणतो, याने दार लावलं. चाक तिथवर पोचलं नसेल तर वळण सगळं पुढच्याचं, मागच्याने ब्रेक दाबायचा. एवढाच नियम. एवढ्यावरूनच आयुष्यभराची भांडणं होतात.

मी तिसऱ्या वळणाच्या टेकाडावर उभा होतो. ऑगस्ट कोरडा गेला होता आणि वाळूची धूळ उडत होती. तेर्होची लाल गाडी पुढे. इल्पोच्या गाडीचं पिवळं नाक मला आतल्या बाजूला दिसलं. मग धूळ, मग तो आवाज. धूळ बसली तेव्हा लाल गाडी पाइनच्या झाडांपाशी छपरावर पडली होती. मी धावलो. माझं वय बघता कसा धावलो ते मला आठवत नाही.

तू विचारशील, गाडी का तपासली नाही. आपली रीत तुला ठाऊक आहे. शर्यत झाली की प्रत्येक गाडी ठरलेल्या किमतीला विकायची, ज्याची चिठ्ठी निघेल त्याला. नाही म्हटलं की परवाना गेला. म्हणून तर श्रीमंताची पोरं सोन्याची इंजिनं बसवत नाहीत. तेर्होच्या गाडीसाठी ईसाल्मीकडच्या एका माणसाने सकाळीच नाव टाकलं होतं, गाडी धड होती तेव्हा. त्याने रीत पाळली. चेंदामेंदा झालेली गाडी घेतली आणि ट्रेलरवर घालून नेली. आम्ही सगळे रुग्णवाहिकेपाशी होतो.

पंचांच्या खोलीत एकजण म्हणाला, ‘आता मामाचा न्याय बघू.’ दुसरा हसला. म्हणून मी त्या दिवशी निकाल दिला नाही. नंतर दिला. माझ्याकडे तेव्हा जे होतं ते पुरेसं होतं. त्यातलं एक मी तुला सांगू शकत नाही, कारण मी शब्द दिला आहे. तेव्हा खात्री नाही असं मी लिहिणार नाही, हिल्लेवी. मी तिथे मामा म्हणून उभा नव्हतो.

माइरेने तेर्होसाठी लोकरीचे मोजे विणले आहेत. सोबत पाठवतो.

आऊलिस


लेप्पिवारा, ३१ ऑक्टोबर

दादा,

मोजे पोचले. त्याचे पाय गार पडले तरी त्याला कळत नाही, पण घातले. वहिनीला सांग, मापाला बरोबर बसले.

तू जे पाहिलं नाहीस ते मी पाहून आले. संघाच्या कचेरीत फोन करून त्या ईसाल्मीकडच्या माणसाचं नाव घेतलं. वेस्तेरी म्हणून आहे. दोन बस बदलून, पुढे चालत गेले. बिचारा भला माणूस निघाला. कोणाची आई आहे ते कळल्यावर टोपी काढून उभाच राहिला, मग कॉफी घ्याच म्हणाला. इंजिन त्याने काढून घेतलं आहे. सांगाडा कोठाराच्या मागे पडलाय आणि आत कोंबड्या बसतात. सीटवर अंडं होतं. माझ्या मुलाच्या सीटवर.

चिखल वाळून घट्ट झाला होता. मी डोक्याचा रुमाल ओला केला आणि पुसत बसले. पिवळा रंग मागच्या चाकावर आहे, दादा. चाकाच्या वर मूठ जाईल एवढा पोचा, त्यात पिवळा रंग. आणि त्याच बाजूचं, तेर्होच्या बाजूचं दार लालच्या लाल. वाळूचे ओरखडे आहेत, पण पिवळ्याचा ठिपकासुद्धा नाही. वेस्तेरीलाही दाखवलं, तोही हो म्हणाला. आता तुझाच नियम तुझ्याच शब्दांत वाच. चाक दाराशी पोचलंच नव्हतं. वळण सगळं माझ्या मुलाचं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीस तू.

परत आले तेव्हा शनिवार होता आणि इल्पो अंगणात सौनासाठी लाकडं रचत होता. माझा कोटही अजून काढायचा होता. मी तिथेच म्हटलं, तुझा रंग चाकावर आहे, दारावर नाही. त्याला आधी समजलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, नियमासकट सांगितलं. तो पांढराफटक पडला. ‘पण तेर्हो तर म्हणाला होता...’ एवढं बोलून थांबला. मी म्हटलं, माझ्या मुलाचं नाव तोंडातून काढू नकोस, या अंगणात पुन्हा पाऊल टाकू नकोस. हातातली लाकडं त्याने खाली ठेवली, नीट, एकावर एक, आणि गेला. तेर्हो काय म्हणाला होता ते मी ऐकून घेतलं नाही. मला ऐकायचंही नव्हतं.

तेर्होला सांगितलं की इल्पोला सर्दी झाली आहे, तुला लागू नये म्हणून येत नाही. बाकी त्याला काही सांगितलेलं नाही. आधी तुमचा कागद हातात येऊ दे. आशा लावून ती मोडली, असं नको. तू स्वतः जाऊन बघ, माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नकोस. तुला कोणाच्या शब्दावर ठेवायचा असतो ते एक तुलाच ठाऊक.

हिल्लेवी


होन्काकांगास, २४ नोव्हेंबर

हिल्लेवी,

मी जाऊन आलो. बर्फ बाजूला केलं, दार पुसलं, चाक पाहिलं. तुझं बरोबर आहे. मला धुळीत पिवळं नाक दिसलं ते दाराशी नव्हतं, मागे होतं. टेकाडावरून तिरपं बघताना ते पुढे आल्यासारखं वाटलं. मी तसं संघाला लिहून दिलं, बैठकीत उभा राहून सांगितलंही. त्या खोलीत आता कोणी हसलं नाही.

निकाल फिरला. दोष इल्पोचा. त्याचा परवाना दोन वर्षं बंद. शर्यत तिथेच थांबवली होती आणि टक्करीच्या आधी तेर्हो पहिला होता, म्हणून ती त्याच्या नावावर, आणि इल्पोला दिलेला चषक इल्पोने तेर्होला द्यायचा, असं दोघांनाही कळवलं आहे. तुझा कागद टपालात आहे.

आता शब्द पाळण्यात अर्थ नाही, तेव्हा सांगतो. ओउलूला मी तेर्होला भेटायला गेलो होतो, तू झोपायला पाहुण्यांच्या खोलीत गेली होतीस तेव्हा. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, ‘मामा, मी दार लावलं. इल्पो शेजारी आला होता, मला दिसला होता. तसं लिहून टाका. आणि आईला सांगू नका की मी म्हणालो.’ मी इतकी वर्षं त्या टेकाडावर उभा आहे. प्रत्येक पोरगा येऊन शपथेवर सांगतो की दोष दुसऱ्याचा. उलटं सांगणारा मी कधी पाहिला नव्हता. मला वाटलं, हा म्हणतो म्हणजे तसंच असणार. खरं तर मला हायसंही वाटलं, कारण मामाने भाच्याला सोडलं असं आता कोणी म्हणू शकणार नव्हतं. हे लिहिताना बरं वाटत नाही.

डोक्याला मार लागला की आठवणी गडबडतात, असं इथले डॉक्टर म्हणतात. तेर्होचं तेच झालं असणार. त्याला हळूच सांग, चूक त्याच्या हातांची नव्हती. त्याला नीट आठवत नाही, एवढंच. ऐकून त्याला मोकळं वाटेल.

आऊलिस


लेप्पिवारा, ८ डिसेंबर

आऊलिसदादा,

तुझा कागद आला होता तेव्हाच तेर्होला सांगायला हवं होतं. पण मला ते थाटात करायचं होतं. आयुष्यात एकदा काहीतरी चांगलं सांगायला मिळालं होतं ना.

सहा डिसेंबरच्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या सकाळी दार उघडलं तर पायरीवर चषक. वर्तमानपत्रात गुंडाळलेला. रात्री ताजं बर्फ पडलं होतं, त्यात येणारी-जाणारी पावलं उमटली होती. मला वाटलं, चला, लाज वाटली का होईना, आणून तर दिला. मी चषक पुसला. वेलचीचा गोड पाव भाजला होता, तो कापला, कॉफी केली, आणि सगळं एका तबकात घालून तेर्होकडे घेऊन गेले. वेड्यासारखी गात होते रे मी.

त्याला सगळं सांगितलं. कोंबड्या, रंग, मामाने कसं कबूल केलं, शर्यत तुझ्या नावावर झाली. तो ऐकत होता. इस्पितळातून आल्यापासून प्रथमच तो माझ्याकडे सरळ बघत होता, म्हणून मी जास्तच बोलले. मग त्याने विचारलं, हे इल्पोला कोणी सांगितलं? मी म्हटलं, मी. कधी? त्याच शनिवारी. म्हणजे सर्दी नव्हतीच? नव्हती, म्हटलं. मग त्याने विचारलं, पायरीवरून पावलं त्याच्या घराकडे गेली आहेत की रस्त्याकडे. मी खिडकीतून बघून आले. रस्त्याकडे, बसच्या थांब्याकडे.

त्याने तबक बाजूला सरकवलं. मग म्हणाला, ‘आई, माझं डोकं ठिकाणावर होतं. मला आठवत होतं.’

मी म्हटलं, मग तू मामाला तसं का सांगितलंस?

‘तो येत राहावा म्हणून.’

दादा, एवढंच बोलला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी कोट न घालता पलीकडे धावले. इल्पोच्या आईने दार अर्धंच उघडलं. मुलगा स्वीडनला गेला, गोथेनबर्गला, कारखान्यात काम बघणार आहे. त्या शनिवारपासून जेवत नव्हता, झोपत नव्हता, म्हणायचा की त्याचे पाय मी घेतले आणि वर त्याच्यासोबत हसत बसलो. मी पत्ता मागितला. ती म्हणाली, ‘तुमचा सुटला ना? मग आता माझ्या दारात कशाला?’ मी तिच्या जागी असते तर दार तेवढंही उघडलं नसतं.

आता तेर्हो भिंतीकडे तोंड करून नसतो. पुढ्यात ठेवलेलं खातो, आभारी आहे आई म्हणतो, उशी नीट केली की बरं वाटलं म्हणतो. एखाद्या अनोळखी घरात मुक्कामाला असल्यासारखा वागतो. हे मला बघवत नाही. भिंतीकडे बघायचा ते परवडलं.

तू पुन्हा लिही. चूक झाली होती म्हण, रंग जुना होता म्हण, मी सही करते, वेस्तेरीची आणते. तेव्हा मी म्हटलं होतं खोटं बोल म्हणत नाही. आता म्हणते.

हिल्लेवी


लेप्पिवारा, १७ डिसेंबर

मामा,

आईने तुम्हाला काय लिहिलं ते तिनेच सांगितलं. निकाल पुन्हा फिरवू नका. त्याचा आता उपयोग नाही. कागद तुम्ही दहादा बदलाल, पण इल्पोला कळलं ते कळलं. आणि माझ्यासाठी तुम्ही खोटं लिहावं असं मला वाटत नाही. एकदा मीच तुमच्याकडून लिहवून घेतलं, तेवढं पुरे.

काय झालं ते तुम्हाला ऐकायचं असेल. तो मागेच होता. मला आरशात दिसत होता आणि माझी खात्री होती की तो ब्रेक दाबेल, कारण इल्पो नेहमी दाबतो. त्या दिवशी त्याने दाबला नाही. मलाही कधी कधी असं झालंय. आत जागा आहे असं वाटतं आणि नसते. गाडी थांबली तेव्हा मी पट्ट्यांत उलटा टांगलेला होतो. पाय कुठे आहेत ते कळत नव्हतं, म्हणजे काय ते मात्र कळलं. तुटलेल्या काचेतून मला बूट दिसले, उलटे, धावत येणारे. तो माझं नाव घेऊन ओरडत होता आणि मधेच विचारत होता, मी होतो ना शेजारी, मी होतो ना. मी म्हटलं, होतास. मी दार लावलं.

तिथेच ठरवलं असं नाही. तोंडातून गेलं. पण इस्पितळात छताकडे बघत पडून राहिलो तेव्हा नीट विचार केला. दोष त्याचा ठरला तर तो एकदा येईल, खुर्चीच्या टोकावर बसेल, माझ्या पायांकडे बघणार नाही, आणि पुन्हा येणार नाही. दोष माझा असेल तर तो नेहमीसारखा येईल. तसाच आला. मला गाढव म्हणायचा, डोळे आहेत की बटणं म्हणून चिडवायचा. सगळ्या गावात तेवढा एकच जण माझ्याशी हळू आवाजात बोलत नव्हता. त्या दिवसांत मला जगावंसं वाटत होतं, मामा, हे आईला कळलं नाही, कारण मी तिला सांगितलं नाही. आणि तिनेही विचारलं नाही. आपल्या घरात कोणी विचारत नाही. तुम्ही दोघांनी मिळून माझ्यासाठी एवढी धडपड केलीत, बस बदलल्यात, बर्फ उकरलंत, आणि मला एकदाही विचारलं नाहीत की तुला हे हवंय का.

मी रागावलेलो नाही. आईला वाटतं मी रागावलोय, तसं नाही म्हणून तिला सांगा. ती मध्यरात्री उठून बसते, मला ऐकू येतं. तिने माझी बाजू घेतली, आईने दुसरं काय करायचं असतं?

नियमाप्रमाणे ते वळण माझंच होतं, पहिल्यापासून. माझं होतं म्हणून तर मला ते इल्पोला देता आलं. ते तुम्ही परत आणून माझ्या हातात ठेवलंत. त्याचं मी आता काय करू, तेवढं कळवा.

तेर्हो